डी-आठवरचा हत्ती

नागपूरच्या स्पर्धेतल्या नवव्या फेरीत, तेविसाव्या चालीला, ग्रँडमास्टर शार्दूल मगदूमनं आपला पांढरा हत्ती उचलला आणि डी-आठ या घरात, म्हणजे थेट शत्रूच्या अंगणात नेऊन ठेवला. काळ्या राजाला शह बसला खरा, पण समोरच्या सापारोवचा उंट एक घर तिरका मागं सरकून तो हत्ती फुकट खाऊ शकत होता. सापारोवनं पटाकडं, मग शार्दूलकडं, मग पुन्हा पटाकडं पाहिलं आणि खाल्ला. समालोचकांतल्या एकानं तर शार्दूलची तब्येत बरी आहे ना, असं विचारून टाकलं.

मग पडद्यावरचा संगणक खोल खोल शोधत गेला आणि त्याचा आकडा हळूहळू पांढऱ्याकडं झुकू लागला. डी-आठवर येऊन बसलेला उंट आता आपल्याच हत्तीच्या वाटेत आडवा आला होता, आणि तो बाजूला काढायला काळ्याला उसंतच मिळेना. राजा एकीकडं एकटा, मदत दुसरीकडं अडकलेली. पंधरा चालींनी सापारोवनं डाव सोडून हात पुढं केला.

देशानं शार्दूलला डोक्यावर घेतलं. त्या चालीला ‘मगदूमचा हत्ती’ असं नाव पडलं, शाळेतल्या पोरांच्या सदऱ्यांवर ती छापली गेली. हे सुचलं कसं, असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “सुचलं नाही, दिसलं. चौदा चाली पुढचं स्पष्ट दिसत होतं.” हेच वाक्य त्याला पुढं नडलं. तोंड मिटून नुसतं हसला असता तर कदाचित निभावलंही असतं.

कारण हे होतं दोन हजार बेचाळीस साल, आणि तेव्हा कुठलाही मोठा डाव उगमपट्टीशिवाय खेळला जात नसे. तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र कातडीखाली बसवून घेतलेले दोन खेळाडू पकडले गेले आणि तेव्हापासून प्रत्येकाच्या कपाळावर ही पट्टी आली. तिचं काम सोपं होतं. माणूस पुढच्या चालींचं गणित मांडतो तेव्हा कपाळामागच्या मेंदूला रक्त जास्त लागतं, आणि त्याचे डोळे मोहरे आहेत तिथं न थांबता, ते जिथं जाणार आहेत त्या रिकाम्या घरांवर उड्या मारतात. जुना डाव आठवत असेल, तर कानाच्या वरचा भाग जागा होतो. पट्टी कवटीतून प्रकाश सोडून हे मोजायची, शेजारचा कॅमेरा बुबुळांवर नजर ठेवायचा, आणि प्रत्येक चालीमागं कागदावर एक रेघ उठायची. उंच रेघ म्हणजे विचार. पण चाल संगणकाच्या तोडीची आणि रेघ मात्र सपाट असली, तर पट्टी एकच निष्कर्ष काढायची. चाल बाहेरून आली.

बुद्धिबळातून पट्टी परीक्षांत शिरली, परीक्षांतून नोकरीच्या मुलाखतींत आणि मुलाखतींतून कोर्टात. पोरगं गणित झटक्यात सोडवतं म्हणून कौतुक करायचे दिवस संपले. आईबापच त्याला सांगू लागले, हळू सोडव बाळा, रेघ उठू दे.

शार्दूलच्या तेविसाव्या चालीला रेघ सपाट होती. अकरा सेकंदांत खेळलेली चाल, गणित शून्य, आठवण शून्य. शिवाय हत्ती ठेवल्यावर त्यानं टेबलाच्या कडेवर दोन बोटांनी दोनदा टकटक केलं होतं. संदेश मिळाल्याची ती पोच होती, असं सापारोवच्या बाजूचं म्हणणं पडलं. महासंघानं चौकशी लावली आणि फाईल पुण्याच्या कचेरीत सुनीती शिरगुप्पेच्या टेबलावर आली. ती एके काळची आंतरराष्ट्रीय मास्टर, आता उगम-परीक्षक. पट्टीनं काढलेला निष्कर्ष माणसानं तपासून सही केल्याशिवाय कुणावर बंदी घालायची नाही, असा नियम होता, आणि ती सही करणारी माणसं देशात चारच होती.

सुनीतीनं फाईल परत पाठवायला हवी होती. ती खेळाडूला ओळखत होती, आणि ती ओळख काही चांगली नव्हती. तिनं फाईल ठेवून घेतली.

खरं तर तो डाव चालू असतानाच तिला सगळं कळलं होतं. टकटक ऐकली आणि ती एकटीच मोठ्यानं हसली, आणि हसता हसता तिला इतका संताप आला की तिनं पडदा बंद केला.

जयसिंगपुरात तिच्या वडिलांचं, भूपाल शिरगुप्पे यांचं, शिलाईमशीन दुरुस्तीचं दुकान होतं. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणे. दुपारी गिऱ्हाईक पातळ झालं की अण्णा दोन पट मांडत आणि शार्दूलसह गावातल्या पोरांना बुद्धिबळ शिकवत. आधी देशी, मग आंतरराष्ट्रीय, असा त्यांचा हट्ट. देशी खेळात राजाला एक सवलत असते. जोवर त्याला एकदाही शह बसलेला नाही, तोवर तो एकदाच घोड्यासारखा अडीच घरं उडू शकतो. तुम्ही चहूबाजूंनी कोंडत आणावं आणि ऐन वेळी त्यानं टुणकन उडून जावं. म्हणून अण्णा पोरांच्या डोक्यात एकच गोष्ट ठोकून बसवत. “आधी पाय बांधा, मग मारा. त्याला पहिला शह द्या. प्यादं जाऊ दे, उंट जाऊ दे, हत्ती गेला तरी चालंल.” आणि शह दिला की दोन बोटांनी दोनदा पटाची कड वाजवायची. वाजवली नाही तर पाय बांधले गेले नाहीत, राजा अजून उडू शकतो. मग पोर कितीही रडो, अण्णा ऐकत नसत.

आंतरराष्ट्रीय नियमांत राजाला अशी उडीच नाही, तेव्हा पाय बांधण्यासाठी हत्ती देणं हा शुद्ध मूर्खपणा. पण सहाव्या वर्षापासून तेराव्या वर्षापर्यंत हजारदा केलेली गोष्ट मेंदूच्या वरच्या थरात राहत नाही. ती खाली, पार आतल्या गाठींत जाऊन बसते, जिथं सायकलचा तोल आणि बुटाच्या नाडीची गाठ असते. पट्टीचा प्रकाश कवटीच्या आत दोन-तीन सेंटिमीटर पोचतो. त्या गाठी त्याच्या कितीतरी खाली असतात. तिथून निघालेली चाल पट्टीला दिसायची कशी?

हे नुसतं म्हणून भागणार नव्हतं. सुनीतीनं शार्दूलचे नोंदलेले सगळे डाव काढले, सव्वीसशेच्या वर भरले. पट्टी फक्त चांगल्या चालींचा उगम शोधते. वाईट चाल कुठून आली याची चौकशी कोणी करत नाही, कारण वाईट चाल खेळायला कुणाची मदत लागत नाही. सुनीतीनं वाईट चालीच तेवढ्या शोधल्या. समोरच्या राजाला डावात एकदाही शह बसलेला नाही, तो कोंडत आलाय, खेळ लांबलाय आणि शार्दूलनं अकारण मोहरा देऊन शह दिलाय, असे चार डाव निघाले. तीन तो हरला होता, एक कसाबसा बरोबरीत सुटला होता. दोन डावांचं चित्रीकरण मिळालं. दोन्हींत टकटक होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी शार्दूल तिच्या कचेरीत आला. खेळाडूनं परीक्षकाला भेटायचं नाही असा नियम होता, पण त्याला दारावर अडवायची कुणाची छाती नव्हती.

“मॅडम, पाच मिनिटं.”

“दार उघडं राहू दे,” सुनीती म्हणाली. “आणि बसू नकोस.”

तो उभा राहिला. “पट्टी चुकलीय असं लिहा. पुढचं माझे वकील बघतील. अंतःप्रेरणा म्हणून काही असतं की नाही?”

“असतं. पण तुझ्यापाशी ती नव्हती. तू पाय बांधलेस.”

“कुणाचे पाय? काय बोलताय तुम्ही?”

“सात वर्षं आमच्या घरात जेवलायस, शार्दूल. माझ्यापुढं नाटक करू नकोस.”

त्यानं मागं वळून दाराकडं पाहिलं. बोलला तेव्हा आवाज खाली आला होता आणि भाषा गावाकडची. “हात गेला, ताई. चार तास खेळून डोस्कं रिकामं झालतं. हत्ती ठेवला, टकटक केलं, आणि मग कळलं काय करून बसलोय. पण उठून जाता येतंय व्हय तिथनं? मग त्यो आकडा वर चढायला लागला.”

“हेच उद्या सांग. सुटशील.”

“आणि लोक?”

“हसतील.”

“तुमचं काय जातंय सांगायला.”

“माझं जायचं ते गेलंय.” सुनीतीचा आवाज चढला. “एकोणिसाव्या वर्षी मुलाखतीत म्हणालास, गावात एक शिलाईमशीनवाला होता, त्यानं चुकीचे नियम शिकवले, ते विसरण्यात दोन वर्षं फुकट गेली. अण्णांनी ती दुकानात बसून ऐकली. हातातलं मशीन पुरं केलं, तेल घातलं, आणि दोन्ही पट रद्दीवाल्याला दिले. त्यानंतर चार वर्षं जगले. परत कधी प्यादं हातात घेतलं नाही.”

“मी लहान होतो.”

“आता एकोणतिसाचा आहेस. अजून एकदासुद्धा त्यांचं नाव घेतलं नाहीस.”

“घेऊन काय झालं असतं?”

“काही नाही. त्यांना बरं वाटलं असतं.”

शार्दूल दाराकडं वळला. जाताना दारात तो पुन्हा मगदूम साहेब झाला. “तुम्हाला हे सिद्ध करता येणार नाही, मॅडम.”

तिला तो अगदी नकोसा वाटत होता. त्याचा कडक इस्त्रीचा सदरा, त्याचं मॅडम म्हणणं, सगळंच. आणि तरीही तो चोर नव्हता. याच गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त राग येत होता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सुनावणी सुरू झाली. अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती सोनवणे, सावकाश बोलणारे आणि प्रत्येक गोष्ट दोनदा वाचणारे. पट्टीचं काम बघायला गीते नावाचा तंत्रज्ञ होता. सुनीतीनं चारही डाव पडद्यावर दाखवले, टकटक दाखवली, देशी खेळाचा नियम समजावला आणि शेवटी शिकवणाऱ्याचं नाव सांगितलं.

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. “शिरगुप्पे? म्हणजे तुमचे कोण?”

“वडील.”

“बाई, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. तुम्ही परीक्षक आहात की साक्षीदार?”

“दोन्ही. दुसऱ्या कुणाला ही चाल ओळखूच आली नसती.”

न्यायमूर्ती शार्दूलकडं वळले. “मगदूम, तुमची हरकत असेल तर मी परीक्षक बदलतो. यांच्याशी तुमची काही जुनी ओळख?”

हरकत घ्यायची तर ओळख सांगावी लागली असती. शार्दूलनं सुनीतीकडं नीट, शांतपणे पाहिलं. “नाही साहेब. मला या बाई आठवत नाहीत.”

सुनीतीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती एवढंच म्हणाली, “मग खेळून बघू. देशी डाव, इथंच, पट्टी बांधून. सवय असेल तर आठवणीची गरज नाही.”

नाही म्हणायची सोय नव्हती. पट मांडला गेला. शार्दूलनं पट्टी बांधली आणि तो प्रत्येक चालीला मुद्दाम दोन-दोन मिनिटं घेऊ लागला. गीतेच्या पडद्यावर उंच उंच रेघा उठत होत्या. तो हाताला विचाराचा लगाम घालून खेळत होता, आणि असा खेळला तर संध्याकाळपर्यंत काही निघणार नव्हतं. सुनीतीला एकच उपाय ठाऊक होता, तोही अण्णांचाच. पोर फार विचार करायला लागलं की अण्णा त्याला चिडवत.

“खेळ की,” ती म्हणाली. “भ्यालास व्हय?”

“बोलू नका.”

“का? आठवत नाही म्हणतोस ना मला? मग अनोळखी बाईचं बोलणं एवढं का झोंबतंय? तापात फणफणलेला तीन दिवस आमच्यात पडून होतास, ते बी आठवत नसंल.”

“साहेब, यांना गप्प बसवा.”

“बोलायला बंदी असा देशी खेळात नियम नाही,” सुनीती न्यायमूर्तींना म्हणाली. तिनं आपला राजा मुद्दाम कोपऱ्यात कोंडून घेतला, उडी तेवढी शाबूत ठेवली, आणि पटावरून नजर न काढता बोलत राहिली. “अण्णा गेले तेव्हा तू विमानाच्या तिकिटाचं कारण सांगितलंस. मी तर म्हणते, बरं झालं आला नाहीस. खांदा द्यायला त्यांनी शिकवलेली एकोणीस पोरं होती. तुझी कुणी वाट बघितली नाही. तू त्यांचा कुणी नव्हतासच. त्यांना तू कधी आवडलाच नाहीस.”

“खोटं बोलू नको, ताई!”

हे म्हणता म्हणताच त्याचा हात गेला होता. हत्ती सुनीतीच्या राजासमोर धाडकन येऊन बसला होता, प्यादं त्याला सहज खाऊ शकेल अशा जागी. आणि शार्दूलची दोन बोटं पटाच्या कडेवर दोनदा वाजून गेली होती.

गीते पडद्याकडं वाकला. “सपाट,” तो म्हणाला. “चिडल्याची खूण आहे, गणिताची नाही. नागपूरसारखीच सपाट.”

न्यायमूर्तींनी कागद पुढं ओढला, सावकाश लिहिला आणि वाचून दाखवला. चालीचा उगम, सवय. शिकवणारे, कैलासवासी भूपाल शिरगुप्पे, जयसिंगपूर. खेळाडूवर कुठलाही ठपका नाही. “सवय पट्टीला दिसत नाही, म्हणून या निष्कर्षाला खेळाडूची कबुली लागते,” ते म्हणाले. “मगदूम, इथं सही करा आणि घरी जा.”

सुनीतीनं तो कागद उलटा वाचला. वडिलांचं नाव कुठल्या तरी कागदावर बुद्धिबळाचा शिक्षक म्हणून लिहिलेलं ती पहिल्यांदाच पाहत होती.

शार्दूलनं पेन घेतलं, कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं. “नाही.”

“सही केली नाहीत तर पाच वर्षांची बंदी येऊ शकते, हे समजतंय ना?”

“समजतंय.”

“सही कर, गाढवा,” सुनीती म्हणाली. आपण विनवणी करतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. “सुटतोयस तू.”

“सुटून काय होऊ?” तो तिच्याकडंच बघून बोलत होता. “मला चोर म्हणाले तर निम्मं जग माझ्या बाजूनं भांडेल. मगदूमवर अन्याय झाला म्हणेल. खुळा म्हणाले तर कोण भांडेल? हत्ती चुकून पडला, तो बी शिलाईमशीनवाल्यानं लावलेल्या खोडीपायी. हे मी माझ्या हातानं लिहून देऊ?”

तो उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

न्यायमूर्तींनी तो कागद बाजूला ठेवून छापील नमुना काढला. त्यात दोनच रकाने होते. चाल स्वतःची, म्हणजे विचारातून आलेली, आणि चाल बाहेरची. “आता हे तुमच्यावर आहे, बाई. तो निर्दोष आहे हे आपण तिघांनीही डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही ‘स्वतःची’वर खूण केलीत तर मी अडवणार नाही. खोटं असेल, पण अन्याय होणार नाही. तुमच्या वडिलांचं नाव मात्र मग कुठं येणार नाही.”

सुनीतीनं खिडकीकडं पाहिलं. शार्दूल बाहेर बघत होता, हात मागं बांधून, खांदे सैल सोडून. त्याला खात्री होती. लहानपणी अण्णा रागावले की तो असाच तोंड फिरवून उभा राहायचा आणि ताई मधे पडून त्याला सोडवायची. आजही ती सोडवणार, चाल त्याची म्हणून लिहून देणार, आणि तो उद्यापासून पुन्हा चौदा चाली पुढचं सांगत फिरणार, हे तो धरून चालला होता.

तिनं ‘बाहेरची’वर खूण केली, सही केली आणि नमुना न्यायमूर्तींकडं सरकवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. शार्दूल वळला, कागदाकडं आला, आणि खूण दिसताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“पाच वर्षं,” न्यायमूर्ती म्हणाले. “बाई, हे विचार करून लिहिलंत ना?”

“हो,” सुनीती म्हणाली.

विचार तिनं केला नव्हता. पण परीक्षकाच्या कपाळावर पट्टी बांधायचा नियम नव्हता, म्हणून ते कुणाला कळलं नाही.